बिनऔषधाचा फ्लास्क

४ मार्च
आज पुन्हा! कात्रीने माझ्या स्लाइड सगळ्यांदेखत टेबलावर आपटल्या. (कात्री म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम. तोंड उघडलं की कापतेच.) "औषध घातलेलं नसताना गुणसूत्रं तुटलीच कशी?" – मला विचारते! मला! अगं, ते औषध घातलं की कुणाचीही गुणसूत्रं ठरावीक नाजूक जागी तुटतात, नाही घातलं तर निरोगी माणसाची धड राहतात. हे मीच तर शिकवलं इथल्या पोरींना. निरोगी माणसाचा नमुना म्हणून इतकी वर्षं माझंच रक्त वापरतात – उगाच?

५ मार्च
डोकं नुसतं तडकलंय. मेली!

६ मार्च
कळलं! माझ्या फ्लास्कमध्ये गुपचूप औषध घालते ती. तिच्या लाडक्या विद्यार्थिनीला माझी जागा हवी ना! आज गोड आवाजात, "नमुन्याला दुसऱ्या कुणाचं तरी रक्त घ्या. आणि तुम्ही एकदा डॉक्टरांकडे जाऊन या." म्हणजे मला वेडी ठरवून घरी बसवणार. बघतेच मी!

९ मार्च
सापळा लावला. कोपऱ्यातला, रक्तातल्या पेशी उबेत वाढवायचा जुना इन्क्युबेटर पुसून चालू केला. आत दोन फ्लास्क – एकात माझं रक्त, एकात नवऱ्याचं. औषध कशातच नाही. बाहेरून नवंकोरं कुलूप.

नवरा सुई बघून म्हणाला, "बायको रक्त पिते हे माहीत होतं, आता बाटलीत भरून न्यायला लागली!" मग माझ्या हाताकडे बघून, "हा काळानिळा डाग अजून गेला नाही?" कसा जाईल? मागच्या महिन्यात त्या लाडकीनेच टोचलं होतं, धसमुसळी कुठली.

१० मार्च
कुलूप बघून कात्रीचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाली, "जे काही निघेल ते आधी मला सांगा." सांगते की! थेट संचालकांना सांगते. तक्रार लिहून पर्समध्ये तयार आहे.

१२ मार्च
नवऱ्याची गुणसूत्रं धड. सगळी.

माझी तुटलेली. पेशीमागून पेशी. पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच.

कुलूप जसंच्या तसं होतं. आणि किल्ली पहिल्यापासून माझ्याच गळ्यात.