मुख्तारकाकांची पुरचुंडी

मम्मा,

तुझ्या दोन्ही हातांचे पापे घेऊन लिहायला बसलेय. फोन बाबाच उचलतात, म्हणून हे पत्र हादीच्या मित्राबरोबर पाठवते.

आम्ही सायप्रसला सुखरूप पोचलो. गाव छोटंसं आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. शुक्रवारी अकराला नगरपालिकेत सह्या. हादीचा धर्म वेगळा, आणि आपल्या देशात लग्नं फक्त धर्मगुरूच लावतात, म्हणून आमचं कुणी लावेना. इथली नोंद मात्र तिकडे चालते. तू काळजी करू नकोस. रक्तदाबाची गोळी घेतेस ना?

बाबांना काही कळलं नाही ना?

मोहल्ल्याच्या कचेरीत मुख्तारकाकांकडून दाखला घेताना मी दुबईतल्या नोकरीची थाप मारली होती. शिक्का मारता मारता ते हसले, "अविवाहित असल्याचा दाखला नोकरीला कशाला लागतो गं?" मी घाबरून पळालेच. त्यांनी हातात कोंबलेली पुरचुंडी न बघताच बॅगेत टाकली.

आज कागद शोधताना ती सोडली. आत साखरेत घोळवलेले पाच बदाम. लग्नात वाटतात तेच! काका रोज बाबांबरोबर सोंगट्या खेळतात, आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही.

आणि मम्मा, बदाम बांधलेला रुमाल बाबांचा आहे. कोपऱ्यातलं निळं अक्षर तूच भरलंयस.

तो तू दिलास की बाबांनी? तू दिला असशील, तर गप्प राहा. त्यांनी दिला असेल, तर त्यांना एवढंच सांग की शुक्रवारी मी दाराकडेच बघत असेन. पण ते खरंच दारात दिसले, तर मी आधी रडेन की आधी पळेन, मला ठाऊक नाही.

अजून तरी तुमच्याच घरातली,
रूला