अकरा अणू

४ मे, सोमवार
अकरा! चार दिवसांत तीनशे वेळा चुंबकांचा सापळा उघडला, अकरा वेळा ठिणगी दिसली. प्रतिहायड्रोजनचा, म्हणजे प्रतिद्रव्याचा, अणू सापळ्यातून सुटून भिंतीला लागला की संपतो. संपतानाच दिसतो.
सर म्हणाले, "शुक्रवारी सगळ्या प्रयोगशाळांना पत्र."
आईला फोन केला. "इतकी वर्षं खपून अकरा? कुठे ठेवलेत?" "राहत नाहीत, आई." "मग कोण विश्वास ठेवणार तुमच्यावर?"

५ मे, मंगळवार
उगाच धडधडतंय. कारण सापडत नाही.

६ मे, बुधवार
सापडलं.
अणू तयार झाले तरी सापळ्यात सुटे प्रतिप्रोटॉन, अणू न झालेला कच्चा माल, उरतात. तेही भिंतीवर तशीच ठिणगी देतात. म्हणून सापळा उघडण्याआधी विजेचा दाब देऊन त्यांना बाहेर लोटायचं. आम्ही त्याला झाडू म्हणतो. झाडू माझ्याकडे.
सकाळी यंत्राच्या कपाटामागे गेले, तर झाडूची केबल लोंबत होती. गेल्या बुधवारी हवा काढायचा पंप बदलताना मीच काढलेली. पडद्यावर 'झाडू सुरू' दिसायचं, मी वहीत खूण करायचे. दाब सापळ्यापर्यंत पोचतच नव्हता. तीनशे खुणा — सगळ्या माझ्या हातच्या.
अकरांतले अणू किती, कचरा किती — कुणीच सांगू शकणार नाही.
केबल लावली. गप्प बसले. दुपारी सर दारात: "चेहरा का पडलाय? अकरा कमी वाटतात?" मी हसले. हसले!

७ मे, गुरुवार
सांगितलं. जिन्यात, उभ्याउभ्या. सरांनी चष्मा काढून पुसला.
"कधी कळलं?"
"काल. सकाळी."
"सकाळी," ते म्हणाले. खाली दोन पायऱ्या उतरले, परत आले. "यंत्र शनिवारपर्यंत आपल्याकडे आहे. पुन्हा मोज."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

८ मे, शुक्रवार
एकशे चाळीस वेळा उघडला. काही नाही. पंपवाला इंजिनिअर म्हणाला, "ताई, श्वास घ्या की. हवा सापळ्यातली काढलीय, खोलीतली नाही."
पत्राचा विषय सरांनी काढला नाही. मीही नाही.

९ मे, शनिवार
चार. केबल इंजिनिअरने आणि मी, दोघांनी तपासून, झाडू मारून — चार. खरे.
सरांना दाखवले. ते म्हणाले, "अकराचं पत्र मी बुधवारी संध्याकाळीच पाठवलं."