पाचवं शील

प्रिय रुपाली,

जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. इंदूमावशी कळंबच्या घरात दाराकडे तोंड करून बसते. पावलं वाजली की पदर सावरते, आणि आलेली तू, तिची लेक, नाहीस हे पाहून भिंतीकडे वळते. शाळेत आपण वक्तृत्वाला जायचो, आठवतं? भाषण तू लिहायचीस, टेबल मी आपटायचे, आणि तुझा भाऊ राजदीप पहिल्या रांगेत बसून चुकीच्या जागी टाळ्या वाजवायचा. आज मी जिल्हाभर बोलत फिरते. त्याच्याबद्दल बोलायला उभी राहिले की मात्र पहिल्या वाक्यापुढे जात नाही.

तू नेरला नांदायला गेलीस, त्यानंतरचा तो तुला लोकांच्या तोंडूनच कळला. वणीच्या कोळशाच्या ट्रकवरून परतला तो कानात माणसं घेऊनच. ती त्याला रात्रंदिवस शिव्या देत. "दोन घोट घेतले का ते झोपतात, ताई," तो मला म्हणाला होता, "नाही घेतले का मले झोपू देत नाहीत." तरी रविवारी विहारात यायचा, मागच्या खांबाला टेकून बसायचा. सगळ्यांबरोबर चार शीलं म्हणायचा आणि पाचव्याला, नशेपासून दूर राहीन असं म्हणायची वेळ आली की, तोंड मिटायचा. पोरं विचारायची, राजूकाका, आवाज कुठं गेला? तो म्हणायचा, बुद्धासमोर खोटं कायले बोलू? ज्याला सगळी वस्ती दारुड्या म्हणायची, त्याच्याइतकं ते शील मनावर घेतलेला माणूस मी पाहिला नाही.

मनाचा आजार आणि व्यसन, दोन्ही एकत्र सोसणाऱ्यांना उपचारापर्यंत नेणं हे माझं काम. व्यसनमुक्तीवाले म्हणाले, याला भास होतात, आधी डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. ते डॉक्टर म्हणाले, आधी दारू सोडवा, मग गोळ्या देऊ. अगं, माणूस एकच ना? त्याचं डोकं एका दारात आणि बाकीचा देह दुसऱ्या दारात ठेवून यायचा का? मी भांडले की तोच मला बाहेर ओढायचा. "चला ताई, चहा घेऊ. त्यांचे बी नियम असतीन." शेवटी यवतमाळात एक डॉक्टरबाई भेटल्या, दोन्ही मी बघते म्हणाल्या. खाट पुढच्या आठवड्यात मिळणार होती.

त्याआधीच्या रविवारी त्याने पाचवं शील म्हटलं. खांब सोडून, ताठ बसून, मोठ्याने. कुणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मी बजावलं की एवढ्या वर्षांची दारू एकदम बंद केली तर जिवावर बेतते, डॉक्टर औषधं देऊन सोडवतील, तोवर थांब. तो हसला. "ताई, शील काय थोडं थोडं घेतात?"

रोज जाऊन पाहत होते. हात थरथरायचे, अंग घामाने निथळायचं. बुधवारी त्याला ठरल्या दिवसाआधीच दवाखान्यात न्यायला गाडी घेऊन पोचले, तर तो घरात नव्हता.

तुला कळलं ते एवढंच, की बसस्टँडवर पिऊन पडला आणि मेला. रस्त्यात पडलेला राजदीप म्हणजे प्यालेला राजदीप, हे लोकांनी बघताक्षणी ठरवलं. उचलायला कोणी वाकलं नाही. त्याला दारू एकदम सोडल्याचे झटके आले होते. डॉक्टरांनी मला सांगितलं, पोटात दारूचा थेंब नव्हता. तो पडला तो यवतमाळला, नेरची गाडी लागते त्या फलाटावर. अंगात इस्त्रीचा शर्ट, पिशवीत तुझ्या निशिगंधासाठी साडी.

पाचवं शील घेशील तेव्हाच माझ्या लेकीच्या साक्षगंधाला ये, असं तू त्याला म्हणाली होतीस. तुला दोष देत नाही. तुझ्या हातात तेवढंच होतं. दोष त्या दोन दारांचा आहे, आणि तो मी शेवटच्या श्वासापर्यंत ओरडून सांगेन. पण पिऊन मेलेल्याच्या जलदानाला येणार नाही, असा निरोप तू धाडलास, म्हणून हे पत्र. तो शील पाळून गेला, रुपाली. रविवारी विहारात त्याचं जलदान आहे, ये. साडीची घडी मोडलेली नाही, मावशीकडे ठेवली आहे. खांबाजवळची जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे. पाचव्याला माझा आवाज टिकणार नाही. तुझा लागेल.

तुझीच,
मैत्रेयी