ब्लीचमधली हाडं

लॉरेल हॉलो, केंटकी
१९ मार्च २००८

प्रिय डॉर्सी,

तू, मेव्हिस आणि मुली सगळे खुशाल असाल असं धरून लिहिते. डेटनचा बर्फ वितळला का? आपला चुलतभाऊ एल्झी, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रविवारी चर्चमध्ये पँट वर करून तो सगळ्यांना टाके दाखवत होता. मी अजून कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून खाणवाल्यांना झोडपते. घसा बसतो, ते हलत नाहीत.

माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतोस, म्हणून हा कागद.

हाडांविषयी सांगायचं होतं. बाबांनी मारलेल्या रानटर्कीच्या मादीचे पंख मी फ्रीझरमध्ये जपून ठेवले होते. परवा बाहेर काढले आणि सगळं डोळ्यांसमोर आलं. मोठ्या पातेल्यात साबणाचं पाणी, खाली मंद आच आणि चुलीपाशी डाव घेऊन पहारा देणारे बाबा: "उकळी फुटली तर चरबी हाडात मुरेल, मग बसा जन्मभर पिवळी हाडं बघत!" मांस खरवडायचं काम माझं. हाडांच्या पोकळीतला मगज तारेने काढायचं काम तुझं, आणि तू तो हळूच आईच्या मानेवर ठेवायचास. ती किंचाळायची, बाबा हसू दाबायला खिडकीबाहेर बघायचे. मग हाडं पेरॉक्साइडच्या बरणीत पडायची, बुडबुडे यायचे आणि हळूहळू हस्तिदंतासारखा रंग चढायचा. तीन हाडं एकात एक बसवून, सांध्यावर दोरा गुंडाळून बाबा शिकारीची शिट्टी बनवायचे आणि ओठांत धरायचे. फुंकायची नाही, हवा आत ओढायची. मादीचा आवाज निघाला की समोरच्या डोंगरावरून नर ओरडून उत्तर द्यायचा, आणि तू टाळ्या पिटून त्याला पळवून लावायचास.

एल्झीने एकदा घाईपोटी हाडं ब्लीचमध्ये टाकली होती, आठवतं? बाबा केवढ्याने ओरडले होते: "अरे गाढवा, ही हाडं आहेत, चादरी नव्हेत! ब्लीच हाड खातं!" पुढे प्रत्येक मयतीला, प्रत्येक लग्नाला बाबांनी तो किस्सा सांगितला.

काल मी दुकानातून आले तर घरभर धुलाईचा वास. खिडकीत बरणी. हाडं इतकी पांढरी की बघवेना. एक उचललं, तर खडूसारखा चुरा बोटांना लागला.

"बाबा, यात काय घातलंत?"

"ब्लीच. पांढरी व्हायला हवीत ना?"

मला वाटलं थट्टा आहे. मी हसले. ते हसले नाहीत. चुऱ्याकडे बघत राहिले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "व्हर्ना, डॉर्सीवर ओरडू नकोस हं. लहान आहे तो. शाळेतून आला की मी नीट शिकवीन त्याला."

ज्या माणसाने या घरात तुझं नाव काढायची बंदी केली, त्याच्या तोंडून तुझं नाव आलं, डॉर्सी. मी विचारलं, "बाबा, संप आठवतो? डॉर्सीने कंपनीचा ट्रक चालवला, आपल्या सगळ्यांच्या समोरून फाटकातून आत नेला, ते?"

"कुठला संप गं?"

ज्या संपासाठी आपण चर्चने वाटलेल्या बटाट्यांवर हिवाळा काढला, तो संप! हजार माणसांपुढे बोलणारी मी, बरणी उचलून सिंकमध्ये रिकामी करायला लागले.

मला सगळं आठवतं. संप विसरणं म्हणजे तेव्हा उपाशी राहिलेल्या प्रत्येक पोराशी बेइमानी, असं मी आजही मानते. तू संपफोड्या आहेस आणि हे मी तुझ्या तोंडावर म्हणेन. पण तुझ्याशी भांडायला मला अख्खा जन्म पडला आहे. बाबांकडे तेवढा वेळ नाही. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा संपेपर्यंत ते माणसं ओळखतील याचा भरवसा नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. तरी ये. बाबांसमोर संपाचा 'सं'सुद्धा काढणार नाही, हा माझा शब्द. आणि मी शब्द मोडत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

दुपारी शाळेची बस वळणावर थांबते तेव्हा ते पोर्चवर जाऊन उभे राहतात. बस गेली की आत येतात. त्याच वेळेला पोहोच. बस थांबते त्या बाजूने, रस्त्यावरून चालत ये.

अजून तुझ्यावर चिडलेली, तरीही तुझीच बहीण,
व्हर्ना