खणांचा क्रम

अण्णा, चिकपेटच्या आपल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, खणांचा क्रम आपण मुद्दाम निराळा ठेवला होता. इतरत्र जेथे 'क' असे, तेथे आपल्याकडे 'ळ'. दुसऱ्या छापखान्याच्या जुळाऱ्याला आपल्याकडे एक ओळही जुळवता येऊ नये, हा आपला हेतू. एकदा कॉफी पिताना मी शेजारच्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला तो क्रम सांगू लागलो. आपण सर्वांदेखत म्हणालात, "चौथी शिकलास ना? तोंड मिटून ठेवायला तेवढी पुरे." तो अपमान मी विसरलेलो नाही. त्या क्रमाचा अभिमानही गेलेला नाही.

बंगळूरच्या मराठी घरांतून शब्द गोळा करून आपण जो कोश केलात, तो आता एका प्रकाशकाच्या संगणकात आहे. अक्षरे त्यांच्या स्वतःच्या संकेतांत आहेत; त्यांची आज्ञावली नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. मी तेथे मुद्रिते तपासतो. तपासता तपासता कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर, याचा तक्ता मी केला. इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करणारी माझी नात तो मागते. "आजोबा, त्यांचे दुकान बंद झाले की कोशही गेला. तक्ता द्या, कुठल्याही संगणकावर वाचता येईल असा कोश करून मी तो इंटरनेटवर ठेवते." प्रकाशकांना याची कुणकुण लागली आहे. ते म्हणाले, "फुकट मिळाल्यावर पुस्तक कोण घेईल, अज्जा? आम्ही काय खायचे? तक्ता बाहेर गेला तर कोर्टात यावे लागेल. नातीलाही." तेव्हापासून पोस्टमन फाटकाशी थांबला की मी आधी पाकिटावर कोर्टाचा शिक्का शोधतो. तिची नोकरी जाईल, या विचाराने जेवण जात नाही.

पण तक्ता न देण्याचे कारण एवढेच नसावे, याचे मला अधिक भय आहे. शेवटच्या आजारात आपण माझा हात धरून म्हणालात, "चुकलो रे मी. उद्या तू अंथरुणाला खिळलास तर कोश कोण पुरा करील? खण सर्वांसारखे लावून टाक. स्वल्प लौकर." चार दिवसांनी आपण विचारलेत. मी होकार भरला, "सरी अण्णा, लावले." आपण समाधानाने डोळे मिटलेत. मी एकही खण हलवला नव्हता. हलवला असता, तर माझ्या जागी कोणीही उभा राहू शकला असता. आज तक्ता तीन आठवडे माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. नात विचारते, तेव्हा मी सांगतो की तो अजून पुरा व्हायचा आहे. तो पुरा आहे, अण्णा. हे पत्रही घडी करून त्याच खिशात ठेवतो.