पिनबॉलच्या पोटातलं कार्ड

३ फेब्रुवारी १९७४, रविवार

आलो एकदाचे नागपूरला. पुण्याहून निघताना माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण धंतोलीतलं हे भाड्याचं घर पाहून मी खूश झालो. मी खूश झालो ही नोंद करण्याजोगीच गोष्ट आहे. तीन खोल्या, मागे अंगण, आणि बैठक एवढी मोठी की सगळं सामान मांडूनही निम्मी रिकामी. खात्यानं बढतीऐवजी बदली दिली. माझ्या हाताखाली काम शिकलेला वसंत तिकडे सुपरवायझर झाला आणि मी चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा टेलिफोन एक्स्चेंजात रिले पुसणारा मेकॅनिक. असो, आज कडू बोलायचं नाही.

चारुलता तर हवेतच आहे. तिचं माहेरचं गाव. माझ्या बदल्यांच्या पायी वीस वर्षं खोळीत पडलेली सतार तिनं आल्या आल्या बाहेर काढली. जुन्या गुरुजींनी २० मार्चला आकाशवाणीच्या परीक्षेला बसायला सांगितलंय. पास झाली तर रेडिओवर वाजवणार. मी म्हटलं, वाजव की.

धुण्याभांड्याला पंचफुला म्हणून बाई मिळाली. ५६ साली दीक्षा घेतलेल्या घरातली आहे. तिचा चहाचा कप मी खिडकीत वेगळा ठेवायला सांगितला. 

१० फेब्रुवारी, रविवार

सदर भागातला एक जुना क्लब बंद झाला. त्यांचे फोन काढायला गुरुवारी गेलो, तर बिलियर्डच्या खोलीत धुळीखाली पिनबॉलचं मशीन! लहानपणी आपण खिळे ठोकलेल्या फळीवर गोळ्या सोडून बगॅटेल खेळायचो, त्याचा हा विजेवर चालणारा अमेरिकन थोरला भाऊ. दट्ट्या ओढून पोलादी गोळी वर सोडायची. ती खांबांवर आपटत, घंटी वाजवत, दिवे लावत खाली येते. खाली डाव्या-उजव्या बाजूला दोन दांडे असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. बटण दाबून ते उडवायचे आणि गोळीला पडू द्यायचं नाही. मशीन जोरात हलवलं तर आतला लोंबता ओळंबा कड्याला टेकतो आणि खेळ बंद. लबाडी खपत नाही. हे मला फार आवडलं.

क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, नेता येत असेल तर न्या. चौकीदार देवाजीनं हातगाडी आणली, पण चढवताना कुरकुरत होता. “घेऊन जा साहेब, पन दुरुस्त नोका करू. बंद हाय तवर गरीब हाय ते.” मी हसलो. बंद मशीन मी घरात ठेवीन होय!

आज झाकण उघडलं. आत माझंच जग : रिले, कॉइल, वायरींच्या जुड्या. आणि कडेला टाचलेलं फॉल्ट कार्ड, अगदी आमच्या एक्स्चेंजातल्यासारखं. तारीख, बिघाड, कोणी काढला. पहिल्या दोन ओळी डावा फ्लिपर आणि घंटी. त्यांपुढे सही ‘ई.’ पुढच्या दोन ओळी उजवा फ्लिपर आणि दिवे. तिथे बाईचं वाटावं असं वळणदार ‘एम.’ मग काही नाही. इतक्या वर्षांनी नेमके तेच चार बिघाड पुन्हा झाले आहेत.

१७ फेब्रुवारी, रविवार

डावा फ्लिपर उडाला! कॉइल जळलं होतं, ते हातानं पुन्हा गुंडाळलं. रबरी कड्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबचे काप बसवले. मशीन ११० व्होल्टचं, म्हणून ट्रान्सफॉर्मर आणला. रिलेचे पॉइंट पोस्टकार्डाच्या पट्टीनं पुसले. ते कानशीनं घासणाऱ्या गाढवांची एक अख्खी पिढी मी पुण्यात पाहिली आहे. चारू दोन तास टॉर्च धरून बसली होती. तिला शिकवत गेलो : पट्टी अशी सरकव, स्प्रिंग एवढीच वाकव, आणि शेवटी कार्डावर सही. बिघाड काढून सही न करता उठणं म्हणजे हात न धुता ताटावरून उठणं. तिला चटकन कळतं, हे मी तिला सांगितलं नाही.

कार्डावर पाचवी ओळ : डावा फ्लिपर, काढला, कृ. माझं संपूर्ण नाव कृष्णकांत, पण खात्यात ‘कृ.’ एवढंच चालतं. मग जेवण विसरून खेळत बसलो. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

चारूचा डावा हात काल सकाळपासून मनगटातून लुळा पडलाय. दुखत नाही, सूज नाही, नुसता लोंबतो. सतारीच्या पडद्यांवर बोटं ठेवायला गेली आणि हात मांडीवर पडला. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. परीक्षा एक महिन्यावर. ती रडली नाही, हात समोर धरून बघत राहिली.

३ मार्च

देवाजीला बाजारात गाठलं. क्लबाआधी मशीन एका मिलच्या साहेबाच्या बंगल्यावर होतं म्हणे. साहेब आणि मडम, दोघंच. साहेबानं दुरुस्त करायला घेतलं, मडमचा हात गेला, मग कान गेले. मग मडम करू लागली. शेवटी साहेब काळा चष्मा लावून मडमच्या खांद्याले धरून गाडीत बसला, असं देवाजीनं डोळ्यांनी पाहिलंय. “ज्यानं सही केली त्याले काही होत नाही साहेब. घरातल्या दुसऱ्याले होते.”

घरी येऊन ही करमणूक चारूला सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, देऊन टाका ते मशीन. मी म्हटलं, चौकीदाराच्या बाताड्यांवर मी मशीन टाकून द्यायचं? तिनं पुन्हा म्हटलं. मी रागावलो. वीस वर्षांत मी स्वतःसाठी काय घेतलं होतं?

२१ मार्च

काल परीक्षेला ती गेली नाही. सतार परत खोळीत गेली. रात्री जेवताना म्हणाली, “तुम्ही केलं हे.” शांतपणे, मीठ मागावं तसं.

मी मेकॅनिक माणूस. शंका आली की परत करून बघायचं, ही आमची रीत. येत्या रविवारी घंटी दुरुस्त करणार. काही होणार नाही, आणि मग हा विषय कायमचा बंद. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, नका करू. चारदा म्हणाली.

२४ मार्च, रविवार

घंटी वाजली. खणखणीत. सही केली.

२५ मार्च

सकाळी हाक मारली, ती चूल पुसत होती. पुन्हा मारली. पातेलं मुद्दाम फरशीवर आपटलं. पंचफुला दचकली, चारू नाही.

मीच केलं हे. इथे तरी लिहितो. गुरुवारी रात्री मला पन्नास टक्के माहीत होतं, आणि तरी रविवारी हात थांबला नाही, कारण ती मला दोष देत होती.

७ एप्रिल

घंटीची वायर उपटली. काही परत आलं नाही. पुन्हा जोडली. मग हातोडा उचलला. मारवला नाही. या जन्मात माझ्या हातून जमत आलेलं हे एकच काम आहे आणि ते मी फोडू?

उरले दोन बिघाड, उजवा फ्लिपर आणि दिवे. त्यांना हात लावणार नाही, असं कागदावर लिहून चारूला दिलं. तिनं वाचून घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. नुसता डावा फ्लिपर घेऊन खेळतो मी. घंटी वाजते. ती समोर बसून तांदूळ निवडते.

१८ एप्रिल

डाव्या हातानं लिहितोय. अक्षराला हसू नये.

सकाळी दाढी करताना वस्तरा पडला. उजवा हात लोंबतोय. धावत बैठकीत गेलो, झाकण उघडलं. कार्डावर नवी ओळ. उजवा फ्लिपर, काढला, चा. काल मी ड्यूटीवर असताना. त्यात फक्त पॉइंट पुसायचे होते, पोस्टकार्डाच्या पट्टीनं. एका हातानं होतं. मीच शिकवलं.

चारू दारात उभी होती. म्हणाली, “तुम्ही सिद्ध करून पाहिलं नं? मी पण तेच करून राहिली.”

२२ एप्रिल

एक्स्चेंजात रजा टाकली. एका हाताचा मेकॅनिक कोणाला हवाय. पुण्याला जावं? कुणाच्या दारात? वसंतच्या? आणि मी गेलो तर तीच जिंकली.

उरलेत दिवे. ती लावेल तर माझे डोळे. मी आधी लावले तर —

लिहायला लाज वाटते. पण वाटून थांबत नाही.

२६ एप्रिल

ती पंचफुलाकडे गेली असताना मशीन उघडलं. दिव्यांची मुख्य वायर तुटलीय. कथील वितळवून डाग द्यावा लागणार. एका हातात डागणी, दुसऱ्यात वायर. दुसरा हात नाही. वायर दातात धरून पाहिली. ओठ भाजला.

तिलाही जमणार नाही. तिचाही एकच हात. हे सुचल्यावर मोठ्यानं हसलो. आमच्या दोघांचे मिळून दोन हात होतात.

२८ एप्रिल

पंचफुलाला म्हटलं, पाच मिनिटं वायर धर. तिनं खिडकीकडे पाहिलं.

“माह्या कपाले तुमी हात लावत नाही, मंग माहा हात काहून पायजे तुमाले?”

भांडी घासत राहिली.

१ मे

ऊन. वाळ्याचे पडदे सोडलेत. चारू सतार पुसत होती, उजव्या हातानं. हातोडा जागेवर नाही. तिनं लपवला? मी शोधला नाही नीट. का नाही शोधला —

२ मे, दुपार

जेवून पडलो होतो. राळेचा वास. डाग देताना येतो तो.

बैठकीला आतून कडी. दार बडवलं. चारूला ऐकू येत नाही. ऐकू येत नाही हे मीच —

फटीतून दिसतं. चारूच्या हातात डागणी. वायर पंचफुलानं धरलीय. दोघींच्या मध्ये फरशीवर चहाचे दोन कप. सारखेच.

ओरडलो. पंचफुलानं दाराकडे पाहिलं. चारूनं तिला मानेनंच नको म्हटलं. ती पुन्हा वायरकडे वळली.

खुर्ची घेऊन दार फोडावं. आधी लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारलं तर — चूक पहिल्या वेळची नव्हती. ती घंटीची. ती मी जाणून —

दाराखालून उजेड. लाल. मग पिवळा. एकेक लागतोय. चांगला डाग दिला तिनं. मी शिकवला तसाच.

आता ती सही करत असेल. पेन्सिलीचा आवाज —

वही कुठे गेली. हातातच आहे. ओळ सरळ जातेय का चा