सेंट कॅजेटनमधला फितूर

१२ नोव्हेंबर
आमच्या शाळेत फितूर आहे. आता शंकाच उरली नाही. सलग तीन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या फुटबॉल सामन्यात सेंट मॅलाकी शाळेकडून हरलो. मी चाल डावीकडून सोडली की त्यांची पोरं डावीकडे हजर, उजवीकडून सोडली की उजवीकडे. डावपेच तर उत्तमच असतात, माझेच आहेत. म्हणजे कुणीतरी ते फोडतंय.
संकल्प : सामन्याआधी फितूर पकडायचा. कुणावरही विश्वास नाही. बायकोवर अर्धा.

१४ नोव्हेंबर
सापडला! फादर टियर्नी, आमचा पाद्री. स्वतः मॅलाकीत शिकलेला. आमच्या टीमला आशीर्वाद देताना भलती घाई. आणि सामन्याआधी सगळी पोरं कन्फेशनला, म्हणजे पापं कबूल करायला, त्याच्याकडेच जातात. आत काय काय बरळत असतील!
लॉरेन म्हणाली, "रेजिस, कन्फेशनमधलं पाद्री बाहेर बोलत नाही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं." बायको भोळी आहे.

१९ नोव्हेंबर
मुख्याध्यापिका सिस्टर पर्पेचुआंनी बोलावलं. यंदा हरलात तर फुटबॉल दुसऱ्याकडे, तुम्ही पोरांना ड्रायव्हिंग शिकवा, म्हणाल्या. कुकीची बशी पुढे करत म्हणाल्या. मी कुकीला हात लावला नाही. एकच खाल्ली.
अकरा वर्षं या टीमचा कोच आहे. टीम गेली तर मी कोण? भीती वाटते. पण हे कुणाला कळू द्यायचं नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी
सापळा लावला. स्वतःच कन्फेशनला गेलो. म्हटलं, फादर, मला गर्व झालाय, कारण गुरुवारी सगळ्या चाली उजवीकडून सोडून मी मॅलाकीला लोळवणार आहे. (खरं तर सगळ्या डावीकडून.)  जाळीपलीकडून विचारतो कसा, अजून काही पाप? काय पण साळसूदपणा!
प्रायश्चित्त म्हणून दहा 'नमो मरिया' म्हणायला सांगितल्या. सहा म्हटल्या. चार जिंकल्यावर.

२६ नोव्हेंबर
फादर सरावाला आला. मैदानाच्या उजव्या कडेला उभा राहिला. उजव्या! डाव्या बाजूला डोळ्यांवर ऊन येतं म्हणाला. चोराच्या मनात चांदणं.

२७ नोव्हेंबर
०-३४.
मॅलाकीची झाडून सगळी पोरं डावीकडे. म्हणजे फादरने माझं खोटं ओळखून त्यांना उलटं कळवलं. पोचलेला माणूस!
हात मिळवताना त्यांचा कोच म्हणाला, "अरे रेजिस, डावीकडून चाल सोडायची असली की तू डावा कान चोळतोस, उजवीकडून असली की उजवा. सोड की लेका ही सवय." खच्चीकरण, दुसरं काय.
घरी सणाच्या जेवणाला टर्की कापली. लॉरेनला कानाचं सहज विचारलं. म्हणाली, "अख्ख्या चर्चला माहितीये. मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं. तर तू म्हणालास, तुला मॅलाकीवाल्यांनी पढवलंय."

२९ नोव्हेंबर
कन्फेशनमध्ये खोटं बोलल्याचं कन्फेशन केलं. फादर रागावला नाही. टीम गेल्याचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला. मला तिथेच रडू आलं. 'नमो मरिया' उरलेल्या चार आणि वर वीस. इतका चांगला का वागतोय, बघायला हवं.

१ डिसेंबर
ड्रायव्हिंगचा पहिला तास. संकल्प : यापुढे माझ्या मनातलं कुणालाही कळणार नाही. गाडी चालवायला दहावीतली मेव्ह. चौक आला. मी तोंड उघडायच्या आत पोरीने डावीकडचा सिग्नल दिला. विचारलं, कुठे वळायचं ते मी सांगितलं का?
म्हणाली, "सर, कान."